नगराध्यक्षांवर काढलेलं व्यंगचित्र बदनामी ठरू शकतं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही तालुक्याच्या गावात राहता, हौसेने व्यंगचित्रं काढता आणि फेसबुक-व्हॉट्सॲपवर टाकता. यंदाच्या पावसाळ्यात रस्त्यांवरून तुम्ही नगराध्यक्षांवर तीन पोस्ट केल्या. पहिल्या चित्रात ते मुख्य चौकातल्या खड्ड्यात होडी वल्हवताहेत आणि खाली लिहिलंय, 'जलवाहतूक प्रकल्पाचा शुभारंभ'. दुसऱ्यात ते जेवायला बसलेत, ताटात डांबर वाढलेलं आहे आणि दारातून एक म्हातारी विचारते, "आमचा रस्ता कुठं गेला रं?" तिसरी पोस्ट चित्राची नाही. ती एका दैनिकाच्या कात्रणासारखी बनवलेली आहे: 'नगराध्यक्षांच्या फार्महाऊसवर छापा, २ कोटी जप्त', आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'विडंबन'. आता नगराध्यक्ष आणि नगरपरिषद अशा दोघांच्या वतीने वकिलांची नोटीस आली आहे. १५ दिवसांत जाहीर माफी मागा, नाहीतर ५० लाखांची भरपाई द्या. शिवाय एका कार्यकर्त्याने पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय. तुमचं म्हणणं असं, की सार्वजनिक माणसावर विनोद करायचा हक्क सगळ्यांना आहे, मग ही बदनामी कशी?

मी २३ वर्षं जिल्हा न्यायालयात वकिली करते आहे आणि त्यातली बरीच कामं जिल्ह्यातली दैनिकं, साप्ताहिकं चालवणाऱ्यांची आहेत. दर पावसाळ्यात आणि दर निवडणुकीत हा प्रश्न माझ्या टेबलावर येतोच. थेट सांगते: हो, विडंबन बदनामी ठरू शकतं. 'अहो, तो विनोद होता' एवढ्या एका वाक्यावर कुणी सुटत नाही. पण तुमच्या तिन्ही पोस्ट एका मापाने मोजू नका. होडीच्या चित्रासाठी मी कोर्टात बिनदिक्कत उभी राहीन. डांबराच्या ताटासाठीही उभी राहीन, पण तुमच्याकडे कागद काय आहेत ते आधी विचारीन. कात्रण मात्र मी तुम्हाला आजच काढायला सांगेन.

असं का, ते कायद्याच्या पुस्तकापासून सुरू करू. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुन्या दंड संहितेतली ४९९ व ५०० ही कलमं आता तिच्या ३५६ व्या कलमात आली. मजकूर जवळपास तोच राहिला. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. समाजसेवेची शिक्षा तेवढी नवी आहे. या कलमाच्या तिसऱ्या स्पष्टीकरणात स्पष्ट लिहिलंय की उपरोधाने केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो. सोबतचं उदाहरण कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. एकजण म्हणतो, "अमका फार प्रामाणिक आहे हो, त्याने तमक्याचं घड्याळ कधीच चोरलं नाही," आणि ऐकणाऱ्याने नेमकं उलटं समजावं हा त्याचा हेतू असतो. ही बदनामी. दुसरं उदाहरण तर तुमच्यासारख्या चित्रकाराचंच आहे. एकजण चित्र काढतो आणि त्यात अमका माणूस दुसऱ्याचं घड्याळ घेऊन पळताना दाखवतो. चित्र पाहून लोकांनी त्याला चोर समजावं असा हेतू असेल, तर तीही बदनामी. १८६० सालापासून ही उदाहरणं कायद्यात आहेत. उपरोधाची आणि चित्राची ताकद कायदा करणाऱ्यांना तेव्हाही पुरती ठाऊक होती.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक लेखकाला, चित्रकाराला मी एक काम करायला लावते. कोरा कागद घ्या. चित्रातलं किंवा कवितेतलं हसू काढून टाका आणि खाली जे विधान उरतं ते एका साध्या वाक्यात लिहा. कोर्टात समोरचा वकील हेच करणार आहे, मग ते आपण आधी घरी का करू नये?

होडीच्या चित्रातून हसू काढलं तर उरतं: 'गावात एवढे मोठे खड्डे पडलेत की पाणी साचतं, आणि नगराध्यक्षांनी त्याचं काही केलं नाही.' खड्डे कुणीही जाऊन पाहू शकतं. 'काही केलं नाही' हे मत आहे, आणि कारभार चालवणाऱ्या माणसाच्या कारभाराबद्दल आहे. चौकात खरोखर जलवाहतूक सुरू झाली असं गावातलं शेंबडं पोरही मानणार नाही. विडंबनाच्या कायद्यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट इथेच आहे, आणि ती बऱ्याच जणांना उलटी वाटते. चित्र जितकं अशक्य, जितकं अतिशयोक्त, तितके तुम्ही सुरक्षित, कारण ते कुणी बातमी म्हणून घेत नाही. चित्र जितकं खरं वाटेल तितका धोका जास्त. नोटीस आल्यावर लोक घाबरून पुढच्या वेळी 'जरा सौम्य' काढतात आणि त्या सौम्यपणात विश्वास बसेल असं काहीतरी काढून बसतात. मला याची फार काळजी वाटते.

आता कात्रण. त्यातून हसू काढायला जावं तर काढायला काहीच नाही. उरतं ते असं: 'छापा पडला, २ कोटी सापडले.' ही घडलेली घटना म्हणून सांगितली आहे आणि ती घडलेली नाही. कोपऱ्यातला 'विडंबन' हा शब्द तुमच्या मूळ पोस्टमध्ये होता, हे मला मान्य आहे. पण गावातल्या ग्रुपमध्ये कुणीतरी स्क्रीनशॉट काढताना तो कापला, आणि रात्रीपर्यंत ते कात्रण खरी बातमी म्हणून फिरलं, हे तुम्हीच लिहिलंय. बदनामीच्या कलमात हेतू तर येतोच, पण 'यामुळे नावाला बट्टा लागेल हे माहीत असणं' किंवा 'तसं मानायला कारण असणं' हेही येतं. बातमीचा साचा वापरून बनवलेली गोष्ट बातमी म्हणून फिरेल हे आजच्या काळात मला माहीत नव्हतं, असं न्यायाधीशांसमोर कसं म्हणणार? त्यात खऱ्या दैनिकाचं नाव आणि मांडणी वापरली असेल तर त्या दैनिकाचीही तक्रार येऊ शकते. एखाद्या नेत्याचा आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवून त्याच्या तोंडी वाक्यं घालणारे व्हिडिओही मी याच रांगेत बसवते. तिथेही नक्कल इतकी खरी असते की हसू येण्याआधी विश्वास बसतो.

मधलं डांबराचं ताट मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतं. मराठीत 'खाणे' या क्रियापदाचा सार्वजनिक कामांच्या संदर्भात एकच अर्थ होतो. त्यामुळे 'मी फक्त अनास्था दाखवली' असा बचाव टिकेल असं मला वाटत नाही. उरणारं वाक्य 'रस्त्याचे पैसे यांनी खाल्ले' हेच. हा आरोप आहे आणि तो गंभीर आहे. मग तो करायचाच नाही का? करता येतो, पण त्याला आधार लागतो. तुम्ही लिहिलंय की माहिती अधिकारात तुम्हाला लेखापरीक्षण अहवाल मिळाला आणि त्याच रस्त्याच्या बिलांवर आक्षेप नोंदलेले आहेत. हा कागद तुमच्या चित्राचं निम्मं संरक्षण आहे.

कलम ३५६ ला दहा अपवाद आहेत. तुमच्या कामाचे मुख्यतः तीन. पहिला सत्याचा, पण फौजदारीत नुसतं सत्य पुरत नाही, ते सांगणं लोकहिताचंही असावं लागतं. दिवाणी दाव्यात सत्य एकटं पुरतं. दुसरा अपवाद लोकसेवकाच्या सार्वजनिक कामातल्या वर्तनावर सद्भावाने दिलेल्या मताचा, आणि तिसरा कुठल्याही सार्वजनिक प्रश्नाशी निगडित असलेल्या माणसाच्या वर्तनावरच्या मताचा. या दोन्ही अपवादांत एक छोटा शब्दसमूह आहे ज्याच्याकडे लोक लक्षच देत नाहीत: त्या वर्तनातून त्याचं चारित्र्य जेवढं दिसतं तेवढंच, 'त्यापलीकडे नाही'. रस्ता, बिलं, ठराव, सभागृहातलं बोलणं यांतून जे दिसतं त्यावर तुम्ही कितीही कठोर मत द्या. तिथून उडी मारून माणसाच्या घरात, त्याच्या बायकोच्या दागिन्यांवर, मुलाच्या व्यसनावर गेलात की अपवाद तुमच्याबरोबर घरात येत नाही.

'सद्भाव' हा शब्दही नीट समजून घ्या. मन साफ होतं एवढ्याने तो सिद्ध होत नाही. कायद्याची व्याख्या सांगते की योग्य काळजी आणि लक्ष देऊन केलं नसेल तर ते सद्भावाने केलं असं म्हणता येत नाही. म्हणजे पडताळणी केली का, हा प्रश्न आहे. या बाबतीत मराठी माणसाला १८८२ सालचं कोल्हापूर प्रकरण आठवायला हवं. ते विडंबन नव्हतं, पण धडा तोच आहे. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांना तिथले दिवाण बर्वे छळतात, असे आरोप 'केसरी' आणि 'मराठा'तून छापले गेले. ज्या पत्रांच्या आधारावर हे आरोप उभे होते ती बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांनी माफी मागितली, तरी दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यातले १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. छत्रपतींबद्दलच्या कळवळ्यातूनच त्यांनी लिहिलं होतं, यात मला तिळमात्र शंका नाही. पण कोर्टाने पाहिला तो कागद, आणि कागद खोटा होता. म्हणून तुमच्या लेखापरीक्षण अहवालाची साक्षांकित प्रत घेतली नसेल तर ती आधी घ्या.

आता 'सार्वजनिक व्यक्ती' या मुद्द्याकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचा जोर त्यावर आहे. राजकारणात उतरला की माणसाला अब्रू नाही, असा समज पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी बदनामीचं कलम घटनात्मक ठरवलं आणि प्रतिष्ठा हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. मला व्यक्तिशः वाटतं की मतासाठी तुरुंगाची शिक्षा असू नये, दिवाणी दावा पुरेसा आहे. पण माझं वाटणं आणि आजचा कायदा यांत फरक आहे, आणि तुम्हाला सल्ला देताना मला कायदाच सांगितला पाहिजे.

तरीही सार्वजनिक पदाने फरक पडतोच. १९९४ च्या राजगोपाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. पदावरच्या माणसाला त्याच्या अधिकृत कामाबद्दलच्या टीकेसाठी भरपाई हवी असेल, तर मजकूर खोटा होता आणि सत्याची पर्वा न करता छापला होता, हे त्याने दाखवायला हवं. आणि सरकार किंवा स्थानिक स्वराज्य संस्था स्वतःच्या बदनामीसाठी भरपाईचा दावा करूच शकत नाही. म्हणजे तुमच्या नोटिशीत नगरपरिषदेच्या नावाने मागितलेल्या भरपाईला आधार नाही. उत्तरात पहिला परिच्छेद याचाच हवा. इंटरनेटवर बरेच जण १९८८ च्या अमेरिकन फॉलवेल निकालाचा दाखला देतात. तिथे एका धर्मोपदेशकावरच्या अत्यंत अश्लील विडंबनालाही संरक्षण मिळालं. तो निकाल मोलाचा आहे, आपल्याकडे युक्तिवादात वापरताही येतो, पण इथल्या दंडाधिकाऱ्यावर तो बंधनकारक नाही. त्याच्या भरवशावर काही पोस्ट करू नका.

आणखी एक भीती मला लोकांच्या मनातून काढायची आहे. 'माझा विनोद चांगला जमला नाही, म्हणून मी अडकेन' असं काहींना वाटतं. विनोदाचा दर्जा हा निकष नाही. मुंबईत २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की त्या चित्रांत भ्रष्टाचाराबद्दल चीड आणि तिरस्कार आहे, विनोद किंवा उपरोध नाही. पण हिंसेला चिथावणीचा आरोपच नसताना तेवढ्या कारणाने अभिव्यक्तीचा हक्क हिरावता येत नाही. तो खटला राजद्रोहाचा होता, बदनामीचा नव्हता, हे लक्षात ठेवा. तरी त्यातला विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. २०२५ च्या मार्चमध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठानेही कविता, नाटक, उपहास यांनी माणसाचं जगणं समृद्ध होतं असं म्हटलं, आणि शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या माणसाच्या दृष्टीने मोजावा, सदा असुरक्षित वाटणाऱ्याच्या नव्हे, असं सांगितलं. हा परिच्छेद मी छापून टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे.

माझ्या एका जुन्या खटल्याबद्दल सांगते, कारण 'काय झोंबतं' हे त्यातून मी शिकले. एका साप्ताहिकाने धुळवडीला गावातल्या मोठ्या लोकांना फिशपाँड छापले होते, पन्नासेक असतील. एका डॉक्टर-पुढाऱ्याला दोन होते. एक त्यांच्या पक्षांतरांवर, तो भयंकर बोचरा होता. दुसरा साधा दिसणारा: 'दाखला हवा? पाकीट आणा, आजार आम्ही देऊ.' फिर्याद आली ती दुसऱ्यावर. पक्षांतर सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावरचं मत कुणी रोखू शकत नाही. दाखल्याचा फिशपाँड त्यांच्या पेशावर घाव घालत होता. कायद्यात तर पेशाच्या संदर्भात माणसाला कमी लेखणं याचा वेगळा उल्लेखच आहे. संपादकांकडे एकही रुग्ण, एकही कागद नव्हता. प्रोसेस निघाली, म्हणजे कोर्टाने संपादकांना आरोपी म्हणून बोलावणं धाडलं. सहा वर्षं तारखा पडल्या. ते दर तारखेला साठ किलोमीटर एसटीने यायचे, साप्ताहिक मध्येच बंद पडलं, आणि शेवटी लोकअदालतीत खेद व्यक्त करून तडजोड झाली. शिक्षा झाली नाही, पण त्यांची सहा वर्षं गेली. मला आजही वाटतं की छपाईच्या आदल्या रात्री कुणीतरी त्यांना तो एक फिशपाँड काढायला सांगायला हवा होता.

आता पोलीस ठाण्यातल्या अर्जाचं. बदनामी हा अदखलपात्र आणि जामीनपात्र गुन्हा आहे. नुसत्या या कलमाखाली पोलीस एफआयआर नोंदवून तुम्हाला उचलू शकत नाहीत, हे स्वामी निकालातही स्पष्ट आहे. शिवाय फिर्याद कोण करू शकतो? ज्याची बदनामी झाली तो, म्हणजे बाधित व्यक्ती, आणि तीही थेट दंडाधिकाऱ्यासमोर. आजारपण वगैरे कारणांचा अपवाद सोडला तर कार्यकर्ता साहेबांच्या वतीने दुखावून चालत नाही. मंत्री आणि सरकारी सेवेतल्या लोकसेवकांसाठी सरकारी वकिलामार्फत सत्र न्यायालयात जाण्याची वेगळी वाट आहे, पण तिथेही आरोप त्यांच्या अधिकृत कामाशी जोडलेला असावा लागतो.

प्रत्यक्षात मात्र अर्जदार बदनामीच्या जोडीला एखादं दखलपात्र कलम सुचवतात: समाजात तेढ, सार्वजनिक शांततेला बाधा असं काहीतरी. एक कलम दखलपात्र असलं की पोलिसांना बाकीचाही तपास करता येतो. मार्च २०२५ मध्ये मुंबईत खारच्या एका स्टुडिओतल्या कार्यक्रमातल्या विडंबनगीतावरून विनोदवीर कुणाल कामरा यांच्यावर एका आमदारांच्या तक्रारीने गुन्हा दाखल झाला, त्यात बदनामीच्या जोडीला अशी कलमंही होती. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने याचिका प्रलंबित असेपर्यंत त्यांना अटक करू नये असा आदेश दिला. तुम्हाला पोलिसांची नोटीस आली तर दुर्लक्ष करू नका, वकिलाला बरोबर घेऊन जा, जबाब द्या. मोबाइल मागितला तर लेखी मागायला सांगा.

फौजदारी फिर्याद झालीच तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेने, म्हणजे फौजदारी कामकाजाची पद्धत ठरवणाऱ्या कायद्याने, तुम्हाला एक चांगली गोष्ट दिली आहे. दंडाधिकाऱ्याला दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. पूर्वी थेट समन्स हातात पडायचं. या सुनावणीत तुमचा अहवाल, चित्राचा संदर्भ, वर सांगितलेले अपवाद हे सगळं मांडता येतं. कामात आळस नको, कारण पुढची अनेक वर्षं इथेच वाचू शकतात.

दिवाणी बाजू थोडक्यात. ५० लाखांचा आकडा पाहून रात्रीची झोप घालवू नका. दाव्याच्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागते, त्यामुळे नोटिशीतला आकडा प्रत्यक्ष दाव्यात अनेकदा बराच खाली येतो, किंवा दावाच येत नाही. मुदत प्रसिद्धीपासून एक वर्षाची आहे. फौजदारीला ती तीन वर्षं. ते तात्पुरता मनाई हुकूम मागतील, म्हणजे निकाल लागेपर्यंत चित्रं काढून टाका म्हणतील. २०११ मध्ये टाटा सन्स विरुद्ध ग्रीनपीस या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने असा हुकूम नाकारला. ओडिशातल्या धामरा बंदरामुळे कासवांना धोका आहे हे सांगणारा, टाटांची खिल्ली उडवणारा एक संगणकीय खेळ ग्रीनपीसने बनवला होता. न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी उपहास आणि अतिशयोक्ती या अभिव्यक्तीच्या मान्य रीती मानल्या. २०२४ च्या मार्चमध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं की पुरावा तपासण्याआधी मजकूर रोखणारे हुकूम यांत्रिकपणे देऊ नयेत. होडी आणि ताट या दोन चित्रांसाठी हे दोन निकाल तुमच्या वकिलांना सांगा.

काही ठिकाणी माझं मत कायद्याच्याही पुढे जाऊन कडक आहे. जातीवरून, शरीरव्यंगावरून, बाईच्या चारित्र्यावरून काढलेलं व्यंगचित्र मी वाचवायला घेत नाही. कायद्यानेही तिथे बदनामीपेक्षा जड कलमं लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचा जातीवरून अपमान झाला तर ॲट्रॉसिटीचा कायदा आहे. दिवंगत थोर व्यक्तींबद्दलही सावध राहा. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेवरचा अश्लीलतेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या तोंडी अश्लील भाषा घातली तर कसोटी अधिक कडक होते. मला तो निकाल पटलेला नाही, पण तो आहे.

ज्या ग्रुपवर कात्रण फिरलं त्याच्या ॲडमिनने तुम्हाला घाबरून फोन केला, असंही तुम्ही लिहिलंय. त्यांना सांगा की दुसऱ्याच्या पोस्टसाठी केवळ ॲडमिन म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात सांगितलेलं आहे. पण ज्याने 'विडंबन' हा शब्द कापून ते पुढे ढकललं, त्याची स्वतःची जबाबदारी उरतेच. आणि तुम्ही शाळेत किंवा सरकारी सेवेत असाल, हे तुम्ही लिहिलेलं नाही, तर सेवेचे वर्तणूक नियम वेगळे लागतात. तिथे बदनामी सिद्ध न होताही विभागीय चौकशी लागू शकते. माझ्याकडे आलेल्या चित्रकारांत आणि वात्रटिकाकारांत निम्मे शिक्षक होते, म्हणून मुद्दाम विचारते आहे.

माफीबद्दल. घाईत, स्वतःच्या भाषेत, रात्री अकराला फेसबुकवर माफी लिहू नका. त्यात 'मी खोटं लिहिलं' असं एखादं वाक्य गेलं की तेच उद्या पुरावा होतं. कात्रणाबद्दल मात्र मोजून-मापून खेद व्यक्त करायला मी सांगेन, कारण तिथे खरोखर एका माणसाबद्दल खोटी बातमी पसरली आहे, आणि त्याच्या घरच्यांनी ती वाचली असेल. हा भाग फक्त डावपेचाचा नाही. बदनामीचा गुन्हा तडजोडपात्र आहे, योग्य खेदावर बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

तर आता क्रमाने. आधी तिन्ही पोस्टचे तारीख-वेळ दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या, मूळ फाइली पेनड्राइव्हवर ठेवा, ग्रुपमध्ये कापलेलं कात्रण कुणी टाकलं तेही जतन करा. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील बघतील. हे झाल्यावरच कात्रण काढा आणि त्याच जागी दोन ओळी लिहा की ते कल्पित होतं, असा कुठलाही छापा पडलेला नाही. डांबराच्या ताटाखाली लेखापरीक्षण अहवालाचा क्रमांक, तारीख आणि आक्षेपाचा मुद्दा जसाच्या तसा टाका, स्वतःचं विशेषण न लावता. अहवालात त्या रस्त्याचा उल्लेख नसून नुसता सर्वसाधारण शेरा असेल तर मला परत लिहा, मग ते चित्रही तूर्त उतरवावं लागेल. नोटिशीचं उत्तर १५ दिवसांच्या आत, वकिलांमार्फत, स्पीड पोस्टाने जाऊ द्या. होडीचं चित्र आहे तिथे राहू द्या.